कमान-पाट्यांच्या बाजूने दोन शब्द

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत दारामागे एक पोस्टर आहे. १९७० सालची काळी कुळकुळीत डॉज चार्जर, पुढची चाकं हवेत! २००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा सिनेमा आला, त्यातली ही गाडी. पोस्टर कुणी लावलं कुणालाच माहीत नाही. खोली सोडणारी प्रत्येक बॅच ते पुढच्या बॅचच्या हवाली करते. रंग उडालाय, कोपऱ्यांवर चिकटपट्टीचे थर चढलेत, पण गाडीचा रुबाब तसाच आहे.

मागच्या महिन्यात त्याच खोलीत एक मोठी सभा भरली होती. थर्ड इयरच्या चौघांनी पैसे गोळा करून एक जुनी महिंद्रा जीप घेतलीय, आणि तिचं ‘सस्पेन्शन अपग्रेड’ कसं करायचं यावर रात्री दीड वाजेपर्यंत खल चालला होता. एक म्हणत होता गाडी खाली बसवू, रेसिंग लुक येतो. दुसरा म्हणत होता छे, चार इंच वर उचलू, थारसारखी दिसली पाहिजे. तिसऱ्याने तर निकालच लावला, “हे पाटे आधी काढून फेका बे, बैलगाडीच्या जमान्यातले आहेत.” मी दारात उभा होतो. पोस्टरकडे बोट दाखवून विचारलं, “हिच्या मागच्या चाकांना काय आहे सांगा बरं?” चौघंही गप्प. इंजिन किती लिटरचं ते चौघांना पाठ होतं; खाली कुणी वाकून बघितलंच नव्हतं.

तर मित्रांनो, त्या चार्जरच्या मागच्या आक्सलखाली कमान-पाटे आहेत. आपल्या काळी-पिवळीला असतात तसेच. पुढे टॉर्शन बार आहेत, पण मागे सरळ एकसंध आक्सल आणि दोन बाजूंना दोन पाट्यांचे गठ्ठे. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेच्या बऱ्याचशा ‘मसल कार’ अशाच होत्या. साध्या घरगुती गाडीत भलंमोठं व्ही-आठ इंजिन कोंबायचं आणि मागे पाटेच ठेवायचे. फरक होता तो पाटे वापरण्याच्या अकलेत. इंजिनचा जोर चाकाला मिळाला की आक्सल उलट्या दिशेने पिळवटतं, पाट्याचा इंग्रजी ‘एस’ होतो आणि चाक जमिनीवर थाडथाड उड्या मारायला लागतं. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी यावर उपाय काय केला, तर आक्सल पाट्याच्या मधोमध न बसवता थोडं पुढे बसवलं. पुढचा तुकडा आखूड, म्हणून ताठ. तो पिळवटायला विरोध करतो. मागचा लांब तुकडा धक्के खायला मोकळा. नवा भाग एकही नाही, फक्त सेंटर बोल्टची जागा बदलली. याला मी अपग्रेड म्हणतो.

आपल्याकडे मसल कार म्हणून लोक काँटेसाचं नाव घेतात. १९८४ ते २००२ या काळात हिंदुस्थान मोटर्सने ती बनवली. दिसायला खरंच रुबाबदार, पण लातूरच्या पोराला जुनी काँटेसा मिळणार कुठे? आपल्या भागातली जुनी, दणकट, हात काळे करून शिकता येईल अशी गाडी म्हणजे जीप. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढे कितीतरी वर्षं साखर कारखाना, तहसील, लग्नाची वरात आणि निवडणुकीचा प्रचार ही सगळी कामं मराठवाड्यात याच गाडीने केली. चारी चाकांना पाटे, पुढेही एकसंध आक्सल, मागेही. म्हणून हा लेख जीपवर आहे. पण ज्यांच्या घरी मामाची प्रीमियर पद्मिनी पडून आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण तिलाही पुढे कॉइल स्प्रिंग असल्या तरी मागे पाटेच आहेत.

आता मला हे सांगायचा अधिकार काय? अधिकार एवढाच, की मी हे सगळं एकदा चुकवून बसलोय.

सेकंड इयरला असताना माझ्या रूममेटच्या आजोबांची जीप आम्ही ‘सुधारली’ होती. आजोबांनी ती शेतावर वापरून वापरून अगदी खिळखिळी केलेली. पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले, शॉकअप नावापुरते. आम्ही तिघांनी ठरवलं की मागून गाडी बसते, म्हणजे पाटे कमजोर आहेत. एका गॅरेजमधून ट्रकचा जुना जाड पाटा मिळाला, तो कापून दोन्ही बाजूंना एकेक घातला. वर लांब शॅकल टाकून मागची बाजू उचलली. शॉकअपला पैसे उरले नाहीत. ते नंतर बघू म्हणलं. आणि हो, गणित केलं होतं. वहीत, चांगलं दोन पानांचं. ते गणित माझं होतं.

पहिल्याच रविवारी औशाच्या पुढे एका वळणावर जीप शेतात आडवी झाली. वेग पन्नाशीच्या आसपास, म्हणजे काही फार नाही. वळणात रस्ता थोडा खाली बसलेला होता, मागचं आतलं चाक तिथे जमिनीला लागलंच नाही, मागची बाजू घसरली आणि मग एकदम उलटली. सोयाबीन कापून झालेलं रान होतं म्हणून वाचलो. मला खरचटलं. रूममेटचं खांद्याजवळचं हाड मोडलं, सेमिस्टर गेलं. आजोबा दवाखान्यात आले तेव्हा कुणाला एक शब्द बोलले नाहीत. मला फक्त विचारलं, “गाडीत किती जण होतात?” मी म्हणलं, तिघं. ते म्हणाले, “मग पाटा कशाला वाढवला?”

त्या एका प्रश्नात माझी दोन पानं खोटी ठरली. कारण मी हिशोब केला होता गाडी भरलेली धरून, आठ माणसांचा. आणि चालवली तीन माणसांत.

थोडं गणित इथे मांडतो. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मेकॅनिकलच्या पोरांनी सोडू नये, व्हायवाला हेच विचारतात!

पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. सहा मिलिमीटरचे सात पाटे असतील आणि त्यात सहाचाच आठवा घातला, तर ताठरपणा सातात एक, म्हणजे साधारण १४ टक्के वाढतो. पण तोच पाटा आठ मिलिमीटरचा असेल, तर तो एकटा सहाच्या २.३७ पाट्यांएवढा. ताठरपणा एकदम ३४ टक्क्यांनी वाढला! आता वजनाची बाजू बघा. मागच्या एका स्प्रिंगवर भरलेल्या गाडीत ४५० किलो येतात असं धरा, आणि रिकाम्या गाडीत २००. स्प्रिंग आपल्या वजनाखाली किती दबलेली आहे, ते म्हणजे वजन भागिले ताठरपणा. मूळ पाट्यांवर भरलेली गाडी जेवढी दबते, त्याच्या फक्त एक तृतीयांश आमची सुधारलेली रिकामी जीप दबलेली होती. हे दबणं महत्त्वाचं का? कारण रस्त्यात खळगा आला की चाकाला खाली ढकलणारी शिल्लक तेवढीच असते. स्प्रिंग दबलेली असेल तेवढीच ती उलगडणार. आमच्याकडे शिल्लकच नव्हती. चाक खळग्यात उतरायच्या ऐवजी वरून गेलं, आणि हवेतल्या चाकाला पकड कुठली?

दुसरी गोष्ट उंचीची. जुन्या छोट्या जीपच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असं मानलं, तर साध्या हिशोबाने वळणावर ०.९४ ‘जी’ला गाडी उलटेल. ती दहा सेंटिमीटर उचलली की हाच आकडा ०.८२ वर येतो. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकडही ०.८ च्या आसपास असते. म्हणजे आधी जी गाडी उलटण्याआधी घसरायची, घसरून ड्रायव्हरला निदान इशारा द्यायची, ती आता घसरायच्या बेतात असतानाच उलटायच्याही बेतात आली. हे थार-थार करणाऱ्यांनी एकदा वहीत करून बघावं. उंच गाडी वाईट असते असं नाही. उंच केलेली अरुंद गाडी वाईट.

असो. आता खाली बसवणाऱ्यांकडे वळतो. पद्मिनीसारख्या गाडीची कॉइल गॅस कटरने कापून टाकायची हा तर जुना खेळ आहे. साडेसात वेढ्यांतले दीड कापले की उरलेली स्प्रिंग २५ टक्के ताठ होते, आणि वरच्या आघातासाठी जागा कमी राहते. शिवाय कटरच्या आचेने स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी उतरतं, ते वेगळंच. रेसच्या गाड्या खाली बसतात हे खरं. पण त्या जिथे पळतात तो रस्ता गुळगुळीत असतो. आपला रस्ता काळ्या मातीवर बसलाय. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. तुळजापूर-नागपूर महामार्ग रुंद झाल्यापासून चाकूर-अहमदपूरकडे जाणं सुखाचं झालंय, पण महामार्ग सोडून गावाकडे वळलात की पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मी काय म्हणतोय ते पाठीच्या कण्याला कळेल. आणि गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने आरामात पार होतो. आपल्या गावागावांतल्या गतिरोधकाची उंची कुणी मोजत नाही आणि रुंदी तर म्हशीच्या पाठीएवढी. खाली बसवलेली गाडी त्यावर पोट घासूनच जाणार.

मग काय, जुनी गाडी जशी आहे तशी ठेवायची? मुळीच नाही. मी कमान-पाट्यांचा भक्त नाही. खुद्द महिंद्राने २०१० च्या थारमध्ये पुढचे पाटे काढून टॉर्शन बार घातले, मागे पाटे ठेवले. २०२० च्या थारमध्ये मागेही कॉइल आल्या. कारण उघड आहे. पाटा एकाच वेळी स्प्रिंगचं आणि आक्सल जागेवर धरण्याचं काम करतो, त्यामुळे कुठलंच काम मनासारखं होत नाही. पण जुन्या जीपला कॉइल लावायच्या म्हणजे नुसत्या स्प्रिंग बदलणं नव्हे. आक्सल धरायला वेगळे आर्म लागतात, आडवा रॉड लागतो, चेसिसवर वेल्डिंगचे ब्रॅकेट लागतात. ते वेल्डिंग कोण करणार? आपल्या वर्कशॉपमध्ये फर्स्ट इयरला ‘टी जॉइंट’ करून सबमिशन दिलं तेवढ्यावर? अमेरिकेत लोक जुन्या मसल कारला असे पूर्ण संच बसवतात आणि त्या ट्रॅकवर छान पळतात. पण ते संच त्या त्या मॉडेलसाठी कुणीतरी मोजून-तपासून बनवलेले असतात.

माझं म्हणणं इतकंच आहे, की आधी मोजा, मग दुरुस्त करा, मग शॉकअप बदला, आणि स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी लावा. आपण नेमकं उलट करतो, कारण शॉकअप दिसत नाही आणि उंची दिसते.

मोजायचं कसं? लातूरमध्ये बसून हा प्रश्न पडावा हीच गंमत आहे. मोंढ्यात वजनकाटे आहेत, तुरीचे-सोयाबीनचे कट्टे आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग मागची; दोन्ही वजनं वेगळी कळतात. मग मागच्या आक्सलच्या बरोबर वर पन्नास किलोचे दोन कट्टे ठेवायचे आणि गाडी किती बसली ते पट्टीने मोजायचं. १४ मिलिमीटर बसली, तर दोन्ही बाजू मिळून दर मिलिमीटरला ७० न्यूटन, एका बाजूला ३५. झालं! ज्यासाठी आपण पुस्तकातून आकडे उचलतो तो आकडा दहा मिनिटांत हातात आला. आणि खरी मजा पुढे आहे. कट्टे उतरवल्यावर गाडी पूर्ण वर येते का बघा. येत नसेल तर तेवढं पाट्यांमधलं घर्षण. गंजलेल्या पाट्यांत ते इतकं असतं की बारीक खड्ड्यांवर स्प्रिंग हलतच नाही, गाडी नुसती टायरच्या हवेवर चालते. लोक त्याला “सस्पेन्शन कडक झालं” म्हणतात आणि गाडी विकायला काढतात.

आमच्या अपघातानंतर ती जीप ज्यांनी उभी केली ते चाचा पाटे ठोकण्याचंच काम करतात. त्यांच्याकडे मी दोन सुट्ट्या बसलो. पाटा तापवून, हातोड्याने ठोकून त्याला पुन्हा कमान कशी देतात, किती लालीवर तेलात बुडवतात, हे तिथे बघितलं. चाचांनी सगळे पाटे सोडवले, गंज घासला, ग्रॅफाइटचं ग्रीस लावलं, झिजलेले बुश आणि शॅकलच्या पिना बदलल्या, नवे यू-बोल्ट टाकले आणि बजावलं, “शंभर किलोमीटर चालवून या, पुन्हा आवळायचे.” गाडी अर्धी तिथेच बरी झाली. पण एका बाबतीत माझं त्यांच्याशी पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पाटे मोकळे झाले की शॉकअपची गरज नाही, पूर्वी कुठे होते? पूर्वी पाट्यांमधलं घर्षणच झोका थांबवायचं काम करत होतं, हे ते विसरत होते. ग्रीस लावून ते घर्षण आपण काढून टाकलं, तर ते काम आता दुसऱ्या कुणीतरी करायला नको का? आणि शॉकअप ते काम जास्त शहाणपणाने करतो. पाट्याचं घर्षण हळू हलण्यालाही तेवढंच अडवतं आणि जोरात हलण्यालाही. शॉकअपमधलं तेल मात्र जेवढा वेग तेवढा विरोध करतं. गाडीचा कोपरा दाबून सोडला की एक-दीड झोक्यात ती थांबली पाहिजे. आमची चार झोके घ्यायची. नवे शॉकअप टाकल्यावर चाचांनी स्वतः कोपरा दाबून बघितला, आणि काही न बोलता चहा सांगितला!

यापुढे ज्याला खरंच पैसे घालायचे आहेत त्याने पॅराबोलिक पाटे बघावेत. संख्येने कमी, टोकांकडे पातळ होत जाणारे, एकमेकांना फक्त टोकाला आणि मध्ये टेकणारे. घर्षण कमी, वजन कमी. तिथेही पुन्हा चांगले शॉकअप हवेतच. आणि कागदपत्रांचं विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेली कंपनीची मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार चालत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पंधरा वर्षांवरची एमएच २४ नंबरची जीप फिटनेसला न्यायची असेल, तर शॅकल मूळ मापाचीच असलेली बरी.

राहिला ट्रॅक. डांबरी सर्किट म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचं करी किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध. महाराष्ट्रात कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे. आपल्यासाठी खरा ट्रॅक म्हणजे २००७ पासून चाललेली बाहा एसएई स्पर्धा, पिथमपूरची माती. तिथली चार तासांची एन्ड्युरन्स बघितलेल्या कुणालाही विचारा, गाड्या इंजिनमुळे कमी आणि सस्पेन्शनचे जोड तुटल्यामुळे जास्त थांबलेल्या दिसतात. तिथे चालणारं सेटिंग औशाच्या रस्त्यावर चालत नाही, आणि उलटही. एकच गाडी दोन्हीकडे न्यायची असेल तर सेटिंग घरी परत येण्याच्या रस्त्याचं ठेवावं असं माझं मत आहे. ट्रॅकवर चार सेकंद गेले तर गेले.

आता थोडं आमच्या सरांना, रागावू नका. आपल्या लायब्ररीत फायनल इयरच्या प्रोजेक्टचे रिपोर्ट लावलेत. त्यात ‘कॉम्पोझिट लीफ स्प्रिंगचं अॅन्सिसमधलं विश्लेषण’ हा विषय किती वेळा आलाय ते एकदा मोजा. मी मोजता मोजता सोडून दिलं. लाल-निळी रंगीत चित्रं, शेवटी निष्कर्ष, की वजन अमुक टक्के कमी झालं. यातल्या किती जणांनी आयुष्यात एक पाटा हातात धरून पाहिला असेल? मीही तोच विषय घेणार होतो. माझ्या त्या दोन पानांच्या गणितातही सूत्र चुकलेलं नव्हतं, बेरीज चुकलेली नव्हती. चुकलं ते एवढंच, की गाडीत किती माणसं बसणार हे मी कुणाला विचारलं नाही. व्हायब्रेशनच्या प्रॅक्टिकलला एक खरी जीप आणि दोन कट्टे तूर ठेवली तर जर्नल लिहायला दोन पानं जास्त लागतील, पण एक्सटर्नलसमोर पोरगं गप्प बसणार नाही.

थर्ड इयरच्या त्या चौघांचं अजून ठरत नाहीये. खाली की वर, यावर मेसमध्ये रोज भांडण चालतं. मी त्यांना रविवारी जीप घेऊन मोंढ्यात यायला सांगितलंय. रूममेटही येणार आहे, आजोबांची जीप घेऊन. त्या जीपला आता मूळचे सात पाटे आहेत, नवे शॉकअप आहेत, आणि आजोबांनी स्वतःच्या पैशाने पुढच्या दोन सीटना बेल्ट बसवून घेतलेत. कट्टे आडतीवरून उसने मिळतील, पट्टी मी आणतो. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी लवकर या, नंतर काट्यावर सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते.